आर्वोचा नवा दिवा

आमच्या पेल्टोला गावात कुणाच्या तोंडावर खरं बोलणं म्हणजे उद्धटपणा. शेजाऱ्याच्या धुराड्याने पेट घेतला तर आमचा माणूस दार वाजवतो, बूट काढतो, कॉफी घेतो, हवापाण्यावर बोलतो आणि जाता जाता म्हणतो की तुमच्याकडे आज ऊब जरा जास्तच आहे. मला या गोष्टीची पहिल्यापासून चीड. माझं नाव व्हर्ना. मी आर्वोच्या समोरच्या घरात राहते, आणि माझी टपालपेटी त्याने दोन वेळा खाल्लेली आहे.

आर्वो कार्क्काइनेन जन्मभर लाकडाच्या गिरणीत करवतींना धार लावत होता. निवृत्त झाल्यावर त्याने एकच काम धरलं, बर्फ काढणं. आमच्याकडे सरोवरावरून बर्फ येतो तो पाहुण्यासारखा नाही, घरजावयासारखा. नोव्हेंबरात आला की एप्रिलपर्यंत हलत नाही. आर्वोचा स्नोब्लोअर नारिंगी रंगाचा आहे. पुढचं फिरतं पातं बर्फ खातं आणि वरचं नळकांडं तो लांब भिरकावतं. त्याने आर्वो आधी स्वतःचं अंगण साफ करायचा, मग म्हाताऱ्या जेराल्डीनचं, मग गावच्या बंबखान्याचं दार, म्हणजे आग लागली तर बंब बाहेर पडावा. कुणी सांगितलं नव्हतं आणि कुणी आभारही मानत नव्हतं. आभार मानले असते तर तो आठवडाभर घराबाहेर पडला नसता. जेराल्डीन पायरीवर फडक्यात गुंडाळून एक गरम पास्टी, म्हणजे मटण-बटाट्याची तळहाताएवढी करंजी, ठेवायची, तो ती उचलून कोटात घालायचा, आणि दोघंही असं काही घडतच नाही असं दाखवायचे.

पण गेले काही हिवाळे आर्वोच्या डोळ्यांवर साय धरत चालली होती. अख्ख्या गावाला ते कळलं होतं, फक्त त्याला सोडून. कॉफी कपाबाहेर ओतायचा आणि म्हणायचा, हल्ली कप लहान करायला लागलेत. रस्त्यात माझ्या कुत्र्याला टोपी काढून नमस्कार करायचा. यंत्राने पहिल्यांदा माझी टपालपेटी खाल्ली तेव्हा स्वतः नवी करून आणली आणि जुन्या पेटीचं लाकूड कुजलं होतं म्हणून मलाच ऐकवून गेला. मी बोलणारच होते. पण त्याने पेटी इतकी सुंदर रंगवली होती की माझ्याच्याने बोलवेना. लावली मात्र उलटी होती.

त्याची बायको इर्या मात्र वैतागली. डोळ्यांचं तिनेही नाव काढलं नाही, शेवटी तीही आमच्याच गावची. पण दुसऱ्या पेटीनंतर तिने त्याला शांतपणे सांगितलं, "आणखी एक वस्तू खाल्लीस ना, की मी ते यंत्र विकणार." इर्या जे बोलते ते करते. त्याची होडी तिने अशीच विकली होती, तो सौनाच्या वाफेत घाम काढत बसला असताना. आर्वोचा चेहरा पडला. यंत्र गेलं तर या माणसाने सकाळी उठायचं तरी कशासाठी, हा प्रश्न मलाही पडला.

दोन दिवस विचार करून आर्वोने दोष शोधून काढला. दिवा. यंत्राच्या कपाळावरचा तो जुना पिवळा बल्ब मेणबत्तीच्या जातीचा होता, आणि जानेवारीत आमच्याकडे नाश्ता होऊन गेला तरी उजाडत नाही. म्हणजे दिसणार कसं? बंबखान्यात त्याने हे जाहीर केलं आणि सगळ्या गावाला सुटल्यासारखं झालं. ज्याला वाईट वाटणार नाही असा गुन्हेगार अखेर सापडला होता. कुणी वायर दिली, कुणी स्क्रू दिले, कुणी एलईडी कसा झकास असतो यावर व्याख्यान दिलं. डोळ्यांच्या डॉक्टरचा पत्ता तेवढा कुणी दिला नाही.

आर्वोने लाकडाच्या ट्रकवर लावतात तसला हातभर लांब एलईडी दिवा आणला. तो बसवताना मी विजेरी धरून उभी होते. त्याने वायर माझ्या नाकाशी धरून विचारलं, ही लाल की काळी? मी म्हटलं, हिरवी. तो म्हणाला, हां, तेच म्हणतोय मी. मग त्याने यंत्र चालू केलं आणि दिवा असा फडफडायला लागला की पडणारा बर्फ हवेत जागच्या जागी थांबलेला दिसू लागला. माझं कुत्रं एकेका थांबलेल्या कणावर भुंकत सुटलं. आर्वो म्हणाला, उजेड छान आहे.

शेवटी ट्रेविथिकला बोलवावं लागलं. तो वायरमन, शिवाय बंबखान्याचा प्रमुख. त्याने पाहिलं आणि सांगितलं की इंजिनातून येणारी वीज पुढेमागे धावते, जुन्या बल्बला त्याचं काही नव्हतं, पण एलईडीला ती एकाच दिशेने लागते. त्याने काडेपेटीएवढी एक डबी मध्ये जोडली आणि फडफड थांबली. मग जो उजेड पडला त्याची मी काय कथा सांगू? संध्याकाळची वेळ होती. पलीकडे जेराल्डीनने सकाळ झाली समजून कोंबड्यांना दाणे टाकले, आणि कोंबड्यांनाही ते पटलं.

आता या ट्रेविथिकचं दुसरं अंग सांगायला हवं. दर फेब्रुवारीत आमच्या भागातल्या गावांची बर्फाच्या पुतळ्यांची स्पर्धा असते, आणि आमचा पुतळा तोच करतो. यंदा बंबखान्याच्या अंगणात त्याने चक्क आर्वोचा पुतळा करायला घेतला होता, स्नोब्लोअर ढकलणारा, दुप्पट उंचीचा. तोंडाने आभार मानता येत नाहीत म्हणून गावाने काढलेली ही वाट. स्पर्धेच्या आठवडाभर आधी आर्वोला नेऊन त्याच्यासमोर उभं केलं होतं. आम्ही सगळे श्वास रोखून बघत होतो. आर्वोने मान वर केली, खाली केली, बराच वेळ घेतला आणि म्हणाला, "मासा चांगला झालाय."

कुणी त्याची चूक दाखवली नाही. उलट, आमची माणसं किती गुणाची बघा, एकेक जण मान तिरकी करून पुतळ्याकडे पाहू लागला की खरंच मासा दिसतोय की काय. ट्रेविथिक त्या दिवसापासून रोज नाक तासत होता.

परीक्षक यायच्या दिवशी पहाटेपासून बर्फ कोसळत होता. आर्वो नवा दिवा लावून निघाला. आता पांढऱ्या बर्फावर तसला पांढरा झोत टाकला की धडधाकट डोळ्यांनाही समोर नुसतं दूध दिसतं. त्याचं अंगण झालं, जेराल्डीनचं झालं, पास्टी कोटात गेली. मग तो बंबखान्यापाशी वळला आणि त्याच्या अंदाजाने ऐन दारासमोर त्याला एक अवाढव्य ढीग लागला; मासा पलीकडच्या कोपऱ्यात असणार असं तो धरून होता. रस्ता साफ करणारी सरकारी गाडी असे ढीग लोकांच्या दारात टाकून जाते, हा त्याचा जुना राग. त्याने पातं घातलं. ढीग कठीण होता. पात्याची खिळी तुटली, कारण ती तुटण्यासाठीच असते, म्हणजे इंजिन वाचतं. त्याने दुसरी घातली. तीही तुटली. दुसऱ्या कुणाला इथे शंका आली असती. आर्वोला चेव आला.

आम्ही परीक्षकांना घेऊन पोचलो तेव्हा काम फत्ते झालं होतं. अंगण आरशासारखं साफ. पुतळ्याचं यंत्र, पाय, पोट रस्त्यापलीकडे भुगा होऊन पडलं होतं. फक्त डोकं तेवढं धक्क्याने एका बाजूला घरंगळून आकाशाकडे बघत होतं, आणि नाक खरोखर अप्रतिम झालं होतं.

"सरकारी गाडीवाला शुद्धीत नव्हता बहुतेक," आर्वो घाम पुसत म्हणाला. "पण काढला सगळा."

 ट्रेविथिकने वाकून त्या नाकावरचा भुगा पुसला. शेवटी तो म्हणाला, हवा जरा सुधारेल आता. परीक्षकही आमच्याच भागातले, त्यांनी बंबखान्याचं दार किती छान रंगवलंय याची तारीफ केली. माझ्या डोक्यात मात्र तिडीक गेली. ही सगळी भली माणसं याच भलेपणाने त्याला एक दिवस सरोवरात चालवत नेणार होती.

"आर्वो," मी म्हटलं, "तो ढीग नव्हता. तो तू होतास."

तो माझ्या दिशेने वळला, म्हणजे माझ्या कुत्र्याच्या दिशेने. "मी?"

"गावाने तुझा पुतळा केला होता. तुला दिसला नाही. तुला काहीच दिसत नाही, दिवा बदलून काय होणार? डोळे दाखव."

बर्फ पडत राहिला. कुणी माझ्याकडे बघेना, जणू मीच पुतळा फोडला होता. आर्वो चाचपडत त्या डोक्यापाशी गेला, हातमोजे काढले आणि त्या नाकावरून, कपाळावरून हळूहळू हात फिरवला.

"मासा नव्हता तर," तो म्हणाला.

इर्या पुढे आली. मला वाटलं, झालं, विकलं आता. तिने यंत्राचे दांडे हातात घेतले आणि नवऱ्याला म्हणाली, चल घरी, पुढे मी बघते. त्याच आठवड्यात ती त्याला डॉक्टरकडे घेऊन गेली. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला, मग दुसऱ्याचा. तोवर बर्फ इर्या काढत होती. यंत्र विकायचं राहून गेलं, पण आर्वोला ते परतही मिळालं नाही. कारण बाईला चटक लागली. तो एलईडी पेटवून ती अशी निघायची की शेजारच्या गावचे लोक बघायला यायचे. जेराल्डीनची पास्टीही आता तिच्याच कोटात जाते.

दुसऱ्या डोळ्याची पट्टी निघाली त्या सकाळी आर्वो माझ्या स्वयंपाकघरात कॉफीला आला. कप त्याने काठोकाठ, बरोब्बर भरला. बाहेर इर्या माझ्या दारातला बर्फ काढत होती, टोपी न घालता, सवयीप्रमाणे. तो खिडकीशी उभा राहून बराच वेळ बघत होता. यंत्राचा विषय निघणार असं धरून मी वेलदोड्याचा गोड पाव, आमचा पुल्ला, कापत बसले.

"व्हर्ना," तो हळूच म्हणाला, "तू खरं बोलतेस म्हणून विचारतो. हिचे केस एवढे पांढरे कधी झाले?"

मी सुरी खाली ठेवली आणि बाहेर पाहिलं. बर्फ पडायचा कधीच थांबला होता.

"बर्फ आहे तो," मी म्हटलं.