दोन अ‍ॅम्प्लिफायर आणि दादाचे कान

माझे नवे स्पीकर पहिल्यांदा ऐकून दादा म्हणाला, "हा बुवा गाऊन राह्यला का रांजनात पडून बोंबलून राह्यला?" आणि तिथून आमचं बिनसलं.

दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. मालेगावहून वाशिमच्या रस्त्याला लागलं की थोडं आत आमचं गाव आहे. तिथे आम्ही दोघं अजून एकाच घरात राहतो. शेती तो बघतो, मी मालेगावच्या शाळेत शिकवतो. मी शिकलो, कारण तो शिकला नाही, हे घरात कोणी बोलून दाखवत नाही. गावच्या भजनी मंडळात तो तबला वाजवतो. वाजवणारे आणखीही आहेत, पण तबला सुरात लावायचा तो दादानेच. पेटीवाल्याने सूर धरला की दादा डोळे मिटून हातोडी ठोकायचा आणि सगळं मंडळ गप्प बसून वाट बघायचं. तो "लागला" म्हणाला की लागला. त्याने कधी कोणाला विचारलं नाही आणि कोणी कधी शंका काढली नाही.

स्पीकरचा नाद मला मोबाइलवर वाचून वाचून लागला. त्यातले जाणकार एक शब्द सारखा वापरतात, म्युझिकल. म्हणजे जो आवाज तास दोन तास ऐकूनही कान थकत नाहीत, ज्यात गाणाऱ्याचा गळा गळ्यासारखा वाटतो. मला तसे स्पीकर हवे होते. नागपूरच्या एका दुकानात गेलो. दुकानदाराने मऊ सोफ्यावर बसवलं आणि तीन जोड्या ऐकवल्या. पहिल्या जोडीत एकेक वाद्य सुटं सुटं दिसत होतं, एक्स-रे काढल्यासारखं. दुसरी नुसतीच धडधडली. तिसरीत गायिकेने ओळीच्या आधी घेतलेला श्वास ऐकू आला आणि मी तिथेच फसलो.

"हे स्पीकर मुळात गोड आहेत," दुकानदार म्हणाला. "यांना अ‍ॅम्प्लिफायर जरा कडक लावा. गुळात साखर घालू नका."

पण मला गोडच हवं होतं. मी मऊ आवाजाचा अ‍ॅम्प्लिफायर घेतला. घरी बैठकीत स्पीकर स्टँडवर ठेवले, स्टँड दुकानात होते तेवढ्याच उंचीचे. सोफ्यावर बसून ऐकलं आणि मला भरून आलं. त्याच संध्याकाळी दादा शेतातून आला, हातपाय धुऊन नेहमीसारखा भिंतीला पाठ लावून सतरंजीवर बसला आणि रांजणाचं ते वाक्य बोलला.

"दादा, हा डीजे नाही," मी म्हणालो.

"डीजेतले शब्द तरी समजतात बे."

एवढ्यावर थांबलं असतं तर विसरलो असतो. पण पाहुणे आले की दादा मुद्दाम सांगायचा, "आमच्या मास्तरनं नागपूरहून सर्दीवाला बुवा आणला. दोन डब्यांत बसवला, एकातून नाक गाते, दुसऱ्यातून घसा." पाहुणे हसायचे. मी दात आवळून हसायचो. शाळेत दिवसभर पोरांच्या चुका काढणाऱ्या माणसाला स्वतःची निवड चुकली हे ऐकून घ्यायची सवय नसते.

मग वाटलं, दुकानदाराचं खरं असेल. जोडी चुकली असेल. मऊ अ‍ॅम्प्लिफायर परत देऊन कडक आवाजाचा आणला. आता सोफ्यावर बसलं की टाळांचा किणकिणाट सुईसारखा कानात जायचा. गोडवा थोडा गेला, मला ते बोचलंही. पण खरं सांगतो, त्या क्षणी मला संगीताची पडलेली नव्हती. दादाला बोलायला जागा उरणार नाही, याचा आनंद जास्त होता.

दादा सतरंजीवर बसला. एक अख्खा अभंग ऐकला.

"तेच हाय," तो म्हणाला. "शब्द रांजनातच हायत."

दोन वेगवेगळे अ‍ॅम्प्लिफायर, आणि तक्रार एकच. मी मास्तर आहे, मी गणित मांडलं. यंत्र बदललं तरी उत्तर बदलत नसेल, तर दोष यंत्रात नाही, ऐकणाऱ्यात आहे. सोयाबीन, तूर, हरभरा, दर हंगामात दादा मळणी यंत्राच्या तोंडाशी उभा असतो. कानाला रुमालसुद्धा बांधत नाही. माझं उत्तर मला इतकं पटलं की ते सांगायची मी संधी शोधू लागलो.

ती लवकरच मिळाली. सप्ताहाची बोलणी करायला मंडळाची माणसं आमच्याकडे चहाला आली. जुनीजाणती म्हणून त्यांना सोफ्यावर, खुर्च्यांवर बसवलं. दादा खाली, आपल्या जागेवर. पेटीवाले काका म्हणाले, "मास्तर, लावा ना तुमचं ते." मी एक अभंग लावला. सगळे माना डोलवू लागले. काका म्हणाले, "वा! समोर बसून गाऊन राह्यला गडी."

"तुमाले समोर दिसते," दादा म्हणाला. "मले तं रांजनातच दिसते."

मी आवाज बंद केला आणि सगळ्यांसमोर म्हणालो, "दादा, मळणी यंत्रानं तुझे कान खाल्लेत. वरचे सूर तुला ऐकूच येत नाहीत. तबला लावायचं काम आता दुसऱ्या कोणाला तरी दे."

कोणीतरी खुदकन हसलं. दादाने कपबशी खाली ठेवली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, स्पीकरकडे बघत राहिला.

पुढच्या गुरुवारच्या भजनाला देवळात त्याने हातोडी दुसऱ्याच्या हातात दिली. त्यानंतरच्या गुरुवारी गेलाच नाही. वहिनीने कारण विचारलं तर म्हणाला, "मास्तरले विचार. माहे कान त्याच्याजवळ हायत."

घरात आमचं युद्ध सुरू झालं. तो बैठकीत पाऊल टाकेना, जेवण स्वयंपाकघरातच उरकायचा. मी काहीही विचारलं की कानामागे हात धरायचा.

"दादा, ट्रॅक्टरची चावी कुठं आहे?"

"काय? मोठ्यानं बोल. यंत्रानं कान खाल्ले माहे."

"चावी!"

"भाभी? कोनाची भाभी?"

वहिनी तोंडाला पदर लावून आत जायची. मी मुकाट्याने स्वतः चावी शोधायचो आणि मनात म्हणायचो, खोटं काय बोललो मी? एखाद्या दिवशी मीही मुद्दाम आवाज वाढवून ठेवायचो, स्वयंपाकघरापर्यंत जाईल असा.

एका रविवारी स्पीकरची वायर बदलायची म्हणून मी खाली बसलो. वायर लांब होती, ती सोडवत सोडवत मागे सरकलो आणि भिंतीला पाठ टेकली. दादाच्या जागेवर. वायर जोडून झाली तशी बसल्या बसल्याच चालू केली.

बुवा रांजणात होता.

मला आधी वाटलं वायर उलटी लागली. तपासली, बरोबर होती. उठून सोफ्यावर बसलो, गळा मोकळा झाला. खाली बसलो, पुन्हा रांजण. तीन-चारदा उठबस केली तेव्हा कळलं. स्पीकरमधला वरचा लहान गोल बारीक सूर टॉर्चसारखे सरळ फेकतो. माझ्या स्टँडवरून तो झोत खाली बसलेल्याच्या डोक्यावरून निघून जात होता. आणि पाठीमागच्या भिंतीमुळे खालचा घुमारा दुप्पट होत होता. अ‍ॅम्प्लिफायर दोन काय, दहा बदलले असते तरी त्या सतरंजीवर शब्द पोचले नसते. माझ्या सगळ्या वाचनात ऐकणारा खुर्चीवर बसलेलाच होता. आमच्या घरात एक जण जमिनीवर बसून ऐकतो, हे माझ्या गणितात नव्हतं.

आणि दादा जमिनीवर का बसतो, हेही तिथे बसल्या बसल्या आठवलं. सोफा नवीन होता तेव्हा तो शेतातून येऊन त्यावर टेकला होता. मी म्हणालो होतो, "दादा, खाली काहीतरी टाकून बस, डाग पडतात." तो उठला. नंतर कधी सोफ्यावर बसलाच नाही. मला वाटत होतं, त्याला खालीच बरं वाटतं.

मी तसाच शेतात गेलो. सोयाबीन काढणं चालू होतं. यंत्राच्या आवाजात मी ओरडून सांगितलं, "दादा, चूक माझी होती. तुझे कान चांगले आहेत."

त्याने कानामागे हात धरला. मी पुन्हा ओरडलो. त्याने यंत्र बंद केलं. अंगावरचा भुसा झटकला.

"वाईट हायत हे तूच सांगतलं," तो म्हणाला. "आता चांगले हायत हेबी तूच सांगून राह्यला. माह्या कानाचा सातबारा तुह्या नावानं हाय का रे?"

"मी मंडळात जाऊन सगळ्यांना सांगतो."

"खबरदार! एकदा नाक कापलं, आता टाके घालाले गाव जमा करतं का?"

तरी मी गेलो. दादाचं न ऐकायची मला सवयच होती. गुरुवारी देवळात भजन सुरू व्हायच्या आधी उभा राहिलो आणि सोफा, सतरंजी, स्पीकर, सगळं सांगितलं. माणसं गोंधळून ऐकत होती. तेवढ्यात मला अडवायला म्हणून दादा दारातून आत आला. पण माझं सांगून झालं होतं.

"झालं समाधान?" तो मला म्हणाला. "उठता बसता मलेच चवाट्यावर आनतं."

पेटीवाले काका मध्ये पडले. "आलाच हाय तं बस. तबला उतरलेला हाय. आमच्यानं काई लागत नाई."

"नाई."

"बस म्हनलं ना!"

दादा बसला, काकांच्या वयाला मान म्हणून. काकांनी सूर धरला. त्याने हातोडी घेतली, डोळे मिटले. तबल्याच्या कडेचा एक एक लाकडी गठ्ठा ठोकत गेला. नेहमीपेक्षा कितीतरी वेळ लागला. ज्या ठिकाणी तो पूर्वी थांबायचा, तिथे थांबला, आणि पुन्हा ठोकू लागला. मला तबल्यातलं फार कळत नाही, पण मला तरी तो केव्हाच लागलेला वाटत होता.

शेवटी त्याने डोळे उघडले. काकांकडे बघितलं आणि विचारलं, "लागला का?"

काका पेटीवरचा हात काढायचेच विसरले. सूर तसाच वाजत राहिला.

"लागला रे," मी म्हणालो.

"तुले नाई विचारलं," दादा म्हणाला.