दातांच्या बरणीतल्या उल्का

"आख्ख्या पट्टीवर दुसरी जागा नाही मिळाली तुम्हाला?"

"मला कुणी विचारलं का, कुठली हवी म्हणून? सरकारनं दिली. मी काय प्लॉट बघायला गेलो होतो?"

"नेमकी माझी!"

"तुझी? अगं, काही नव्हतं तिथं. नुसती खरखर!"

"ती खरखर माझी होती."

हे म्हणताना आत्याने मेण चढवायची सुरी आतोबांच्या दिशेने उगारली. टोकावरचा गुलाबी मेणाचा थेंब टेबलावर पडला आणि तिथेच गोठला. आतोबा दारात उभे होते. अंगात ठेवणीतला शर्ट, एका पायात चप्पल, दुसरी अजून आत टेबलाखाली. मी मधल्या स्टुलावर, हातात चहाचा कप. प्यावा की ठेवावा, काही कळेना.

"मग नाही जात," आतोबा म्हणाले. "सांगतो त्यांना, दुसरा कुणी बघा. आहे काय त्यात!"

"जाऊ नका असं म्हटलं का मी?"

"मग म्हणतेस तरी काय?"

"काहीच नाही म्हणत. म्हणून तर माझी जागा गेली. बोलणाऱ्यांनाच मिळतात जागा."

आता ही जागा कसली, ते सांगायला हवं.

माझी आत्या कवळ्या बनवते. दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यामागे एक लांबट खोली आहे, तिला सगळे लॅब म्हणतात. डॉक्टर पुढून पेशंटच्या तोंडाचे साचे पाठवतात. आत्या त्यात प्लास्टर ओतते, प्लास्टरच्या हिरड्यांवर मेण चढवते आणि मेणात एकेक दात बसवत जाते. खिडकीत वाळायला ठेवलेले पांढरे जबडे रांगेने रस्त्याकडे बघत असतात, त्यामुळे नवीन कुरियरवाला पहिल्या दिवशी पार्सल उंबऱ्यावर ठेवून पळतो. या धंद्याने आत्याला एक वाईट खोड लावली आहे. तिला माणसं चेहऱ्याने आठवत नाहीत. लग्नाकार्यात एखादी बाई कौतुकाने विचारते, "ओळखलंत का?" आणि आत्या म्हणते, "जरा हसा बघू."

लॅबमध्ये एक जुना रेडिओ आहे. काही वर्षांपूर्वी त्याचा काटा सरकवणारा दोरा तुटला आणि काटा अशा जागी अडकला, जिथे कुठलंच केंद्र लागत नव्हतं. नुसती खरखर. आत्याने तो बंद केला नाही. भिंतीपलीकडून दिवसभर डॉक्टरांच्या ड्रिलचा आवाज येतो, त्यापेक्षा ही खरखर बरी, लांब कुठेतरी नदी वाहते आहे असं समजायचं, असा तिचा हिशोब.

पण त्या खरखरीतून अधूनमधून काहीतरी उसळी मारायचं. वाद्यांचा एक फटकारा. नाहीतर एका पुरुषाचा अर्धा शब्द. की लगेच परत खरखर. आत्याला वाटलं, दोरा तुटला म्हणून होत असेल.

मग एक दिवस मास्तर आले. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले, तोंडात एक दात शिल्लक नाही. मेणातली कवळी तोंडात बसवून आत्या त्यांच्या ओठांची ठेवण बघत होती, तेवढ्यात रेडिओतून तो अर्धा शब्द आला. मास्तरांनी आत्याचं मनगट धरलं आणि काहीतरी ओरडले. कवळी त्यांच्या मांडीवर पडली.

"काय झालं? टोचलं का?" आत्या घाबरली.

"उल्का!" मास्तर म्हणाले. "बाई, तुम्हाला उल्का ऐकू येतायत!"

ते सगळं त्यांनी तिला समजावलं, आणि तिने नंतर मला, तेही हातातल्या प्लास्टरच्या जबड्यालाच पृथ्वी करून. "हे बघ. फार लांबचं केंद्र आपल्याला लागत नाही, कारण मधे पृथ्वीचा हा फुगवटा येतो. त्या केंद्राच्या लहरी आपल्या डोक्यावरून सरळ बाहेर निघून जातात. पण तेवढ्यात वर एखादा मोहरीएवढा खडा जळाला, की मागे तापलेल्या हवेची एक रेघ राहते. क्षणभर. लहरी तिच्यावर आपटतात नि आपल्याकडे येतात. रेघ विरली की केंद्र गेलं. उल्का बघायला अंधार लागतो, आभाळ स्वच्छ लागतं. ऐकायला काही लागत नाही. भर दुपारी, ढग दाटलेले असताना, मी इथे कुणाच्या तरी सुळ्याला आकार देतेय आणि वर काहीतरी जळतंय, नि मला ते कळतंय!"

"काहीच लागत नाही?"

"एक लागतं. रेडिओच्या पट्टीवरची ती जागा इथे रिकामी हवी. जवळचं कुणी तिथे बोलता कामा नये."

मास्तरांचं आकाश बघणाऱ्या लोकांचं एक मंडळ आहे. त्यांनी मापं दिली, आत्याने पडद्याच्या जुन्या दांड्या कापून गच्चीवर अँटेना उभी केली. आतोबांनी पहिल्याच आठवड्यात तिच्यावर मोजे वाळत घातले. त्यावरून झालेलं भांडण वेगळं. रेडिओला नवा दोरा बसला, पण काटा तिने जागचा हलू दिला नाही.

मोजणीची पद्धत मात्र तिची स्वतःची. नकली दात मेणाच्या पट्टीवर चिकटवलेले येतात, आणि रंग न जुळलेले, चुकीच्या मापाचे असे पुष्कळ उरतात. रेडिओ बोलला की आत्या मान वर न करता एक उरलेला दात उचलते आणि काचेच्या बरणीत टाकते. टक्. संध्याकाळी दात मोजायचे, आकडा मास्तरांना कळवायचा, बरणी रिकामी करायची. मंडळातल्या तरुण मुलांनी तिला संगणकावर आपोआप मोजणी करून द्यायची तयारी दाखवली होती. "मग मी काय करू?" असं विचारून तिने त्यांना चहा पाजून परत पाठवलं.

आणि तो अर्ध्या शब्दाचा पुरुष. तो कुठल्या भाषेत बोलतो ते आम्हाला कुणालाच कळलेलं नाही. बातम्या देतो की हवामान सांगतो की औषधाच्या जाहिराती करतो, देव जाणे. इतक्या वर्षांत त्याचं एक पूर्ण वाक्य आत्याने ऐकलेलं नाही. आतोबा त्याला साहेब म्हणतात. घरी आले की विचारायचे, "काय, आज आले होते का तुमचे साहेब?"

"आले होते."

"काय म्हणाले?"

"'ब्रा' म्हणाले."

"बस? एवढंच?"

"तुमच्यासारखं नाही त्यांचं. गरजेपुरतं बोलतात."

हे आतोबांच्या वर्मी लागायचं, कारण बोलणं हाच आतोबांचा व्यवसाय. बस स्थानकावर ते निवेदक होते. कुठली गाडी कुठल्या फलाटावर, कुठली उशिरा, कुणाची पिशवी सापडली, हे सगळं त्यांच्या आवाजात. मग स्थानकावर यंत्र आलं आणि त्यात आधीच बोलून ठेवलेली एक बाई. "तिला कधी खोकलासुद्धा येत नाही," आतोबा म्हणायचे. निवृत्तीला थोडे दिवस उरले होते, ते त्यांनी सापडलेल्या पिशव्यांच्या खिडकीवर काढले. घरी मात्र निवेदन चालूच राहिलं. "स्वयंपाकघराकडे जाणाऱ्या प्रवाशांनी लक्ष द्यावे, आजचा चहा उशिराने धावत आहे." दात गेले तेव्हा आत्यानेच त्यांना कवळी करून दिली. कवळी छान बसली. फक्त 'स' म्हणताना बारीक शिटी वाजते, अशी आतोबांची तक्रार.

"कवळीत दोष नाही," आत्या म्हणायची. "जीभ जरा आवरा."

तर मागच्या आठवड्यात मला तिचा फोन आला.

"अगं, दात संपले!"

"कुणाचे?"

"माझे! सकाळपासून नुसता मारा चालू आहे. बरणी भरली, आता वाटीत टाकतेय. असं कधीच झालेलं नाही. मास्तरांना कळवलंय, ते म्हणाले पंचांगात, म्हणजे त्यांच्या त्या तक्त्यात, आज काहीसुद्धा नाहीये. नवीनच निघालाय वर्षाव! ते सगळ्यांना फोन लावतायत!"

मी धावत लॅबमध्ये गेले. आत्याचे गाल लाल झाले होते. अर्धवट कवळी बाजूला पडलेली आणि ती खुर्चीच्या टोकावर बसून, रेडिओवर नजर लावून. वाद्यांचा तुकडा. टक्. परत तुकडा. टक्, टक्. बेसिनशेजारी साबणाच्या डबीतही दात होते. पुढून डॉक्टर डोकावून गेले, "सगळं ठीक ना?"

आणि मग रेडिओतून एक माणूस बोलला. थांबला नाही. अर्ध्या शब्दावर तुटला नाही. बोलतच राहिला.

"हॅलो, हॅलो. सहा, सात, सतरा, सत्तावीस. समस्त श्रोत्यांना सप्रेम..."

आत्याचा दात उचललेला हात तसाच राहिला.

"ही शिटी," ती हळूच म्हणाली, "माझ्या हातची आहे."

आधी तिने कवळी ओळखली, नवरा नंतर.

गावात नवीन रेडिओ केंद्र निघालं होतं. चाचणीसाठी ते सकाळपासून यंत्र चालू-बंद करत होते आणि त्यांना पट्टीवर मिळालेली जागा होती आत्याची. तिथे संध्याकाळच्या कार्यक्रमासाठी एक अनुभवी आवाज हवा होता. आतोबा घरी कुणाला न सांगता जाऊन आवाज देऊन आले होते आणि पास झाले होते. मास्तरांनी मंडळात परत सगळ्यांना फोन केले. आत्यालाही केला. "वाईट वाटून घेऊ नका," म्हणाले. "पट्टीच्या पार दुसऱ्या टोकाला एक रिकामी फट आहे. अँटेना पूर्वेकडे फिरवलीत तर चालेल. दुसरं कुणीतरी भेटेल."

"दुसरं कुणी नकोय मला," आत्या म्हणाली आणि फोन ठेवला. अँटेना आठवडाभर होती तशीच होती. बरणी रिकामी.

आज पाच वाजता आतोबांचा पहिला कार्यक्रम होता.

"बोलणाऱ्यांनाच मिळतात जागा," आत्या म्हणाली, आणि आतोबा वळले.

"थांबा. निघालात कुठे?"

"आता काय?"

आत्याने तळहात पुढे केला. "काढा ती."

"काय?"

"कवळी. काढा. 'सायंकाळचे साडेपाच' म्हणणार ना तुम्ही? गावभर माझी शिटी वाजणार. लोक म्हणतील, हिला 'स' जमत नाही. तुमच्यासाठी नाही करत, माझ्या नावासाठी करतेय."

"जिभेचा दोष होता ना?"

"काढा म्हटलं ना!"

आतोबांनी पाठ फिरवली, कवळी काढून तिच्या हातावर ठेवली आणि रुमाल तोंडाशी धरून खुर्चीवर बसले. दात नसताना ते कधी कुणासमोर बोलत नाहीत. घरी पाहुणे असले तर कवळी धुवेपर्यंत खुणांनी निवेदन करतात. आत्याला हे पक्कं ठाऊक होतं.

तिने दिवा जवळ ओढला, बारीक चाक सुरू केलं आणि पुढच्या दातांमागे टाळूकडची बाजू घासायला घेतली. आणि बोलायलाही.

"इतकी वर्षं माझ्या रेडिओवर साहेब साहेब करून हसलात. हसा. पण एवढी मोठी गोष्ट, आवाजाची परीक्षा द्यायला गेलात, नि मला आकाशातून कळावं? शेजारणीसारखं? मी नाही म्हटलं असतं का? कधी म्हटलंय? मोज्यांचं सोडून?"

चाक गुणगुणत होतं. गुलाबी भुकटी तिच्या नखांवर बसत होती.

"मला परत काढलं असतं तर?"

आवाज इतका मऊ आणि इतका वेगळा होता की मी दाराकडे बघितलं, कोण आलं म्हणून. आतोबांनी रुमाल खाली घेतला होता. ओठ आत गेलेले, गाल बसलेले. माझ्यासमोर ते असे कधीच बसले नव्हते.

"एकदा त्या यंत्रातल्या बाईनं काढलं. तेव्हा तुझ्या तोंडाकडे बघवेना मला. म्हटलं, ह्यांनी घेतलं तर सांगू. नाही घेतलं तर कुणाला कळायलाच नको."

आत्याने चाक बंद केलं. कवळी उजेडात धरली, फुंकर मारली, बोट फिरवलं, परत थोडं घासलं. बराच वेळ पॉलिश करत बसली, लागतं त्यापेक्षा जास्त. मग नळाखाली धुऊन त्यांच्या हातात दिली.

"बोला."

आतोबांनी ती बसवली, जीभ फिरवली, ताठ बसले आणि बस स्थानकाच्या आवाजात म्हणाले, "सकाळची साधी सेवा सात वाजता सुटेल. सर्व प्रवाशांनी सामान सांभाळावे."

शिटी नाही. एकदाही नाही.

"परत."

"सापडलेली सुटकेस सहाय्यक स्थानक प्रमुखांकडे..."

"पुरे. समजलं." आत्याच्या तोंडावर तिला नको असलेलं हसू आलं होतं. ते लपवायला ती खाली वाकली आणि कपाटाखालून पाना काढला. गच्चीवरच्या अँटेनाचा. रेडिओकडे तिने हात नेला, पण काटा हलवला नाही. होता तिथेच ठेवला आणि आवाज मात्र थोडा वाढवला.

"कुठं निघालीस?"

"दांड्या पूर्वेला करायच्यात. दुसरं कोण भेटतंय बघते." आणि मला म्हणाली, "तू चल. पाइप धरायला कुणीतरी लागेल."

आतोबा उभे राहिले. शर्ट नीट केला, घसा साफ केला.

"पाचला," ते म्हणाले, "ऐकशील ना?"

आत्याने टेबलाखालची त्यांची दुसरी चप्पल पायाने त्यांच्याकडे सरकवली, पाना कमरेला खोचला आणि जिना चढायला लागली.