किल्लेदार नागेश आणि सात सुपाऱ्या

आमच्या नागेशचा एक किल्ला होता. फोनमधला. म्हणजे माणूस राहतो केशवापुरात, आमच्याच घराच्या वरच्या दोन खोल्यांत. पोटासाठी दाजीबानपेठेत कापडाच्या ठोक दुकानात तागे उलगडतो. वय बेचाळीस, पोट सुटलेलं, डावा गुडघा दुखरा. पण त्याला विचाराल तर किल्लेदार. माझ्या धाकट्या दिराचा हा एकुलता एक मुलगा. आईबाप लवकर गेले, माझ्याच हाताखाली वाढला. त्यामुळे त्याला नावं ठेवायचा पहिला हक्क माझा, आणि तो मी सोडत नाही.

लहानपणापासून ह्याला कशात गती म्हणून नव्हती. पीयूसीला, म्हणजे तुमच्या बारावीला, दोनदा बसला, दोन्ही वेळा गणिताला आडवा झाला. मग कॉलेजजवळच्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात कामाला लागला. तिथं पोरं तासानं बसून खेळत. त्यातच तो ‘सेव्हन गेट्स’ म्हणून खेळ आला. सात दरवाज्यांचा किल्ला असतो. आठ जण आत, आठ जण बाहेर. बाहेरच्यांनी दरवाजे फोडायचे, आतल्यांनी राखायचे. सगळे आपापल्या घरी बसून फोनवर, आणि किल्ला मात्र एकच. एवढंच. एवढ्यावर माणसाची चौदा वर्षं गेली.

खोटं कशाला बोलू, तेव्हा मजा होती. हुबळी-धारवाड मिळून चाळीस पोरं ह्याच्या किल्ल्यात होती. खेळात शिरायची सगळ्यांची खाती नागेशनंच उघडून दिलेली, त्यामुळे किल्ल्या ह्याच्याच हातात. दर रविवारी चार वाजता लढाई. आठच जण आत जाऊ शकत, म्हणून बाकीचे आठवडाभर ह्याच्या मागं लागत, मला घे, मला घे. दुकानात मालक ओरडायचा, “नागेश, तो निळा तागा काढ, अरे तो नव्हे, त्याच्या खालचा.” आणि रविवारी चांगली शिकलेली पोरं कानातल्या यंत्रातून विचारत, “किल्लेदार, पश्चिमेच्या दरवाज्यावर जाऊ का?” माणूस ह्याच्यावर जगतो हो. मला कळत होतं. कळत होतं म्हणूनच जास्त राग यायचा.

मग पोरं गळायला लागली. कोण बेंगळूरला गेला, कोणाचं लग्न झालं, कोणाला दुसरा खेळ आवडला. जाताना सगळे सारखंच बोलले, “पुढच्या रविवारी नक्की, नागेशण्णा.” मी म्हटलं, पुढच्या रविवारी नक्की म्हणणारा माणूस लग्नपत्रिकासुद्धा अशीच घेतो, दोन्ही हातांनी, आणि येत नाही. ह्याला पटायचं नाही. चार वाजायच्या आधी पंधरा मिनिटं हा सगळ्यांना निरोप पाठवी, आणि मग पडद्याकडं बघत बसे. दीपश्री म्हणजे ह्याची बायको, हायस्कुलात शिकवते, ती म्हणायची, “वर्गात एवढी हजेरी मी घेत नाही, काकू.”

सगळ्यांत शेवटी लक्ष्मण सुटला. रायापूरचा. हा ह्याचा खरा दोस्त, कॉम्प्युटरच्या दुकानापासूनचा. त्याला लग्नानंतर नऊ वर्षांनी मुलगी झाली. बारसं ठेवलं रविवारी, दुपारी चारला. आणि आमचा शहाणा गेला नाही. का, तर किल्ल्यावर कोणी नव्हतं. मी आणि दीपश्री गेलो. लक्ष्मण दारात उभा राहून आमच्या मागं बघत होता, तिसरं कोण येतंय का म्हणून. मुलीचं नाव सावनी ठेवलं. त्यानंतर लक्ष्मण किल्ल्यावर आला नाही. भांडला नाही, बोलला नाही, नुसता आला नाही. दोन वर्षं होत आली. नागेश म्हणायचा, “फितूर झाला.” मी म्हणायची, “होय की, फितूर तोच.”

खेळणारी माणसं जगभरच कमी झाली होती म्हणे. तेव्हा कंपनीनं फर्मान काढलं. ज्या किल्ल्यात रविवारी चार वाजता आठ माणसं हजर नाहीत, तो किल्ला कायमचा पुसला जाईल. चौदा वर्षांचे बुरूज, तटावर कोरलेली चाळीस नावं, सगळं. मी विचारलं, “फोनातली जागा ती, तिथं काय दुसऱ्याला घर बांधायचंय काय त्यांना?” त्यावर ह्यानं मला बराच वेळ समजावून सांगितलं. मला समजलं नाही आणि ह्यालाही समजलेलं नव्हतं.

आता पुढचा घोटाळा थोडा माझ्यामुळंच झाला. माघात घरी सत्यनारायण होता आणि दीपश्री बेळगावला तिच्या आईच्या आजारपणात अडकलेली. रीतीप्रमाणं नागेश कमरेला सुपारी खोचून पूजेला बसला. बायकोच्या जागी सुपारी. पूजा झाली, प्रसाद झाला, आणि ह्याच्या डोक्यात किडा वळवळला.

“काकू, माणूस नसलं तर सुपारी चालते न्हवं?”

“देवाला चालते.”

“मग किल्ल्याला का चालू नये?”

ह्यानं घरातले, शेजारचे, दुकानातले जुने फोन गोळा केले. सात. प्रत्येकाच्या पाठीवर जखमेला लावायची पट्टी चिकटवून त्यावर जुन्या भिडूचं नाव लिहिलं. त्या त्या नावानं खेळात शिरला. चटईवर सात फोन ओळीनं मांडले, मध्ये हा. लांबून बघणाऱ्याला वाटावं श्राद्धाची पानं मांडलीत. पण खेळ सुपारीपेक्षा कडक निघाला. जो पाच मिनिटं हलत नाही त्याला तो हाकलतो. मग हा सरपटत सातही फोनांना बोट लावत फिरायचा, गुडघा धरून. असे पाच-सहा रविवार काढले. लढाई दर वेळी हरायचा, पण हरल्यानं किल्ला जात नाही, माणसं नसल्यानं जातो. किल्ला राहिला.

चैत्रात माझं हळदीकुंकू होतं. नेमका रविवार. गौर मांडलेली, कैरीची डाळ वाटून झालेली, पन्हं गार करून ठेवलेलं. सहा बायका आल्या होत्या, आणि चारला दहा मिनिटं कमी असताना नागेश जिन्यावरून सातही फोन परातीत घालून खाली आला. गुडघा सुजला होता. तोंड असं, की कोणी गेलंय.

“काकू, आज मला सरकता येत नाही. एवढा अर्धा तास. नुसतं अंगठ्यानं हे गोल फिरवत राहायचं.”

“बायकांनी? गौरीसमोर?”

अनुसयाबाई म्हणून माझी मैत्रीण, धारवाडच्या शाळेत मुख्याध्यापिका होती. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी वर्ग सुटला नाही तिचा. ती म्हणाली, “दे इकडं. आणि नीट सांग. शत्रू कुठल्या बाजूनं येतो?”

“उत्तरेकडनं, बाई.”

“मग सगळ्या उत्तरेकडं तोंड करून बसा.”

बसल्या की. हातात पन्ह्याचे पेले, मांडीवर फोन. मला जो फोन आला त्याच्यावर पट्टी होती लक्ष्मणची. माझा माणूस भिंतीत जाऊन चालत राहिला. मागं घ्यावा तर पाण्यात पडला. मेला. परत उठला, परत पडला. शेजारची म्हणाली, “साकु री, पुरे आता, किती वेळा मराल.” अनुसयाबाईचा मात्र पूर्वेच्या दरवाज्यावर ठाण मांडून उभा, आणि ती सगळ्यांना दरडावत होती. नागेश खुर्चीवर पाय लांब करून खेळत होता आणि भोवती एवढे भिडू असून चौदा वर्षांत पहिल्यांदा कोणी ह्याला किल्लेदार म्हणत नव्हतं.

पंधरा मिनिटं झाली तेव्हा अनुसयाबाई म्हणाली, “नागेश, हे समोरचे लोक लढत का नाहीत? एक तेवढा हलतोय. बाकीचे सात उभेच आहेत. मध्येच एकेक झटका देतात नि परत उभे.”

नागेशनं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग त्यानं पडद्यावर काहीतरी लिहिलं. उलट उत्तर आलं, ते त्यानं दोनदा वाचलं.

“काय म्हणतोय?” मी विचारलं.

“तोही एकटाच आहे, काकू. कटकचा आहे. सात फोन मांडलेत टेबलावर. विचारतोय, तुझ्याकडचा तो पाण्यात पडणारा कोण आहे. फार हसतोय मी, म्हणतो.”

बायका हसल्या. मी हसले नाही. सोळा माणसांची लढाई, त्यात माणसं दोन, आणि दोघंही कंपनीला फसवायला सुपाऱ्या मांडून बसलेले. असला वेडेपणा मी माझ्या हयातीत बघितला नव्हता, आणि मी म्युनिसिपालटीच्या निवडणुका बघितल्यात.

अर्धा तास संपला. किल्ला राहिला. कोणाला आनंद झाला नाही. बायका ओट्या घेऊन गेल्या. नागेश फोन गोळा करत होता, तेव्हा मी डबा भरून त्याच्यासमोर ठेवला. डाळ, बाटलीत पन्हं, भिजवलेले हरभरे.

“हे काय?”

“आमच्या घरात जिच्या नावानं सुपारी मांडली तिचं वाण तिच्या घरी पोचवायचं असतं. अर्धीच रीत उचललीस तू. मी लक्ष्मणच्या जागी बसले, तेव्हा हे लक्ष्मणचं. रायापूरला नेऊन दे.”

“तो दार उघडायचा नाही.”

“मग दाराशी ठेव. वाण पोचवायचं असतं, गोड बोलायचं नसतं.”

दीपश्री तोवर बेळगावहून परतली होती. तिनं मोटारसायकल चालवली, हा मागं डबा धरून बसला. तासाभरात परत आले. डबा रिकामा आणला. रिकामा डबा परत देऊ नये एवढंसुद्धा त्या लक्ष्मणला कळत नाही, म्हणजे दोस्त एकमेकांना शोभतात.

“काय बोलला?”

“डाळीत मीठ जास्त झालंय म्हणाला.”

“आणि?”

नागेश बूट काढत राहिला. दीपश्री म्हणाली, “पुढच्या रविवारी सावनीचा दुसरा वाढदिवस आहे. चार वाजता. या म्हणाला. ह्यांच्याकडं न बघता म्हणाला, पण म्हणाला.”

चार वाजता. त्या लक्ष्मणनं ती वेळ मुद्दाम सांगितली, ह्याबद्दल मला शंका नाही. त्याच्या जागी मी असते तर मीही तीच सांगितली असती.

तो आठवडा ह्यानं कसा काढला ते विचारू नका. दुकानात एकाचं कापड दुसऱ्याला बांधून दिलं. शनिवारी संध्याकाळी खाली येऊन माझ्यासमोर बसला.

“काकू, उद्या तू बसशील काय? अनुसयाबाईंना बोलाव. सात फोन तुम्ही, आठवा माझा. माझ्या नावानं कोणीतरी.”

“म्हणजे तुझ्या जागी सुपारी.”

“हां.”

“बायकोच्या जागी चालते. पाहुणीच्या जागी चालते. यजमानाच्या जागी चालत नाही. पूजा ज्याची त्यानं स्वतः बसायचं, नाहीतर पूजा करू नये. दोन वर्षांपूर्वी त्या बारशाला तू मला तुझ्या जागी पाठवलंस तेच चुकलं होतं. मी तेव्हा बोलले नाही, ती माझी चूक.”

“किल्ला जाईल, काकू.”

“जाईल.”

“चौदा वर्षं.”

“मोजलीत मी.”

हा उठून वर गेला. मला वाटलं, नाही जायचा. एवढा शिंगं मोडून वासरात शिरणारा माणूस एका संध्याकाळीत कशाला शहाणा होईल. रविवारी साडेतीनपर्यंत वर काही हालचाल नव्हती. मग जिन्यावर पाय वाजले. इस्त्रीचा सदरा, हातात दुकानातून आणलेलं फ्रॉकचं कापड, पिवळं, बारीक ठिपक्यांचं. फोन खिशात नव्हता. तो ह्यानं माझ्या देवघराजवळच्या फळीवर ठेवला.

“चाललो.”

“चाल. पंचवीस मिनिटं लागतात रायापूरला, उशीर करू नकोस.”

पावणेचारला फोन वाजायला लागला. खेळाचं बोलावणं ते. दर पाच मिनिटांनी वाजे. चारला सर्वांत मोठ्यानं वाजला. मी उठून बघितलं तर पडद्यावर किल्ला होता, सात दरवाजे, तटावर बारीक अक्षरांत नावं. मी चौथी शिकलेली, पण लक्ष्मणचं आणि नागेशचं नाव मला वाचता आलं. एकाखाली एक होती. अंगठा लावावा असं क्षणभर वाटलं, खोटं बोलत नाही. मग चार वाजून पाच मिनिटांनी नुसता पांढरा पडदा झाला. बुरूज ढासळले नाहीत की आग लागली नाही. एवढं मोठं फर्मान काढणाऱ्या कंपनीला एक किल्ला धड पाडतासुद्धा येत नाही.

नागेश सातला परत आला. कागदाच्या ताटलीत केकचा तुकडा होता, वर दुसरी ताटली झाकलेली.

“लक्ष्मणनं तुझ्यासाठी दिलाय.”

“मला कशाला?”

“त्याच्या फोनवर खेळानं निरोप पाठवला होता, त्या हळदीकुंकवाच्या दिवशी. तुमचा माणूस अकरा वेळा मेला म्हणून. त्यानं खेळ काढून टाकला नव्हता फोनमधनं, काकू. विचारत होता, माझ्या नावावर एवढं कोण मरत होतं. मी तुझं नाव सांगितलं. तर म्हणाला, माझ्या जागी बसली, तिचं वाण पोचव.”

फोनकडं त्यानं बघितलं, उचलला, पांढरा पडदा बघितला आणि खिशात टाकला. मग विचारलं, “चहा आहे काय?”

चहा होता. केक कोरडा होता, वरची साय आंबट. रायापूरला बरा केक मिळत नाही. मी सगळा खाल्ला.