सगळे आपलेच आहेत

गव्हर्नर टीव्हीवर आला तेव्हा मी लसूण सोलत होतो. नात शेजारी बसून मला सांगत होती, अर्धं मराठीत, अर्धं इंग्रजीत. कोरोनाची आजारी माणसं वाढलीत, दवाखान्यात खाटा उरल्या नाहीत, म्हणून आता कुणी दुसऱ्याच्या घरी जायचं नाही आणि आपल्या घरात कुणाला घ्यायचं नाही. नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सणालासुद्धा नाही. मी म्हटलं, बरं केलं.

आतल्या खोलीत माझी बायको नाकाला नळी लावून बसली होती. तिचं एक फुफ्फुस तरुणपणीच टीबीनं खाल्लं. उरलेल्या एकावर तिनं मुलं वाढवली, आणि त्याच एकावर ती माझ्याबरोबर या मिनेसोटाच्या थंडीत येऊन राहिली. ऑक्सिजनची मशीन घरात दिवसभर घुरघुरते आणि तिची लांब नळी खोल्याखोल्यांतून तिच्यामागे फिरते. डॉक्टरनं माझ्या मुलाला समोर बसवून सांगितलं होतं की हा आजार हिच्यापर्यंत पोचला तर ही उठणार नाही. यात न कळण्यासारखं काय आहे? मी चौथीपर्यंत शिकलो, रेल्वेत गँगमन म्हणून जन्म काढला. मला कळलं.

लोकांना मात्र कळत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सून किराणा आणायला गेली आणि मी गाडीतच बसून राहिलो. दुकानाच्या दारात एक बाई सामान भरायच्या ढकलगाड्या पुसत होती. एक धिप्पाड गोरा तिच्यावर ओरडत होता. मास्क त्यानं कोपराला अडकवला होता. माझ्या टेबलावर कोण जेवायला बसणार ते गव्हर्नर ठरवणार का, असं काहीतरी म्हणत होता. जसं काही त्या बाईनंच कायदा केला. जाताना तो तिच्या पायाजवळ थुंकला. ती खाली बघत पुसत राहिली. मला शिसारी आली. पण निदान तो माणूस उघड्यावर थुंकला, एवढं तरी खरं.

आपली माणसं ओरडत नाहीत. आपली माणसं मास्क नीट नाकावर घेतात, फोनवर एकमेकांना काळजी घ्या म्हणतात आणि मग हळू आवाजात जेवणाचं आमंत्रण देतात.

मुलाच्या ऑफिसातला एक मराठी साहेब तळ्यापलीकडच्या गल्लीत राहतो. त्याचा फोन आला. इथं सण तिथीला होत नाहीत, सुट्टीला होतात. त्याची दिवाळी राहिली होती, ती आता थँक्सगिव्हिंगच्या दुपारी करायची होती. पाच-सहा घरं, फराळ, जेवण, थोडं गाणं. मुलगा म्हणाला, अण्णा, फक्त आपलेच लोक आहेत, बाहेरचं कुणी नाही.

मी विचारलं, आपले म्हणजे कोण? आमच्या घरात दिवाळी नसते, आम्ही बुद्धाला मानणारे. या साहेबाच्या आजीच्या गावात माझ्या आईला विहिरीवर चढता येत नव्हतं. तिची सावलीसुद्धा चुकवायचे. आणि आता जेव्हा खरोखर लांब राहायची वेळ आली, तेव्हा यांना मांडीला मांडी लावून बसायचं होतं. सहा डिसेंबर आमचा, आमच्या सगळ्यांच्या बापाचा दिवस. त्या दिवशी आम्ही एकत्र जमून वंदना म्हणतो, मेणबत्ती लावतो. तेही यंदा कॉम्प्युटरवर करायचं मी स्वतः कबूल केलं होतं. मग यांचा चिवडा काय अडला होता?

मी मुलाला सांगितलं, तू जाणार नाहीस. बरं म्हणाला.

थँक्सगिव्हिंगच्या दुपारी गाडीत पेट्रोल भरून येतो म्हणून तो बाहेर पडला. बराच वेळ झाला तरी आला नाही. मी काठी घेऊन रोजच्यासारखा तळ्याकडे गेलो, तर तळ्याकाठच्या पार्किंगमध्ये आमची गाडी उभी. तिच्या शेजारी ओळीनं आणखी गाड्या, काचेवर गणपती चिकटवलेल्या. फिरायला आलेलं कुणीच दिसत नव्हतं. मला कळायला वेळ लागला नाही. साहेबाच्या दारात गाड्या दिसल्या तर शेजारचे पोलिसांना फोन करतील, म्हणून सगळे इथं गाड्या लावून चालत गेले होते.

मी गेलो त्या गल्लीत. साहेबानं खिडक्यांचे पडदे ओढले होते, दिवाळी करायची, पण दारात दिवासुद्धा लावला नव्हता. काय ती हुशारी! आणि गॅरेजच्या बाजूच्या दाराबाहेर, बर्फावर, चपला-बुटांचा हा ढीग. मोठ्यांचे, पोरांचे, बायकांच्या जरीच्या मोजड्यासुद्धा. गाड्या लपवल्या, दिवे लपवले, पण पायातलं घालून आत जायचं कुणाला सुचलं नाही. रस्त्यावरून जाणाऱ्या कुणालाही आतली डोकी मोजता आली असती. त्या ढिगात माझ्या मुलाचे बूट होते. टाच दाबून बूट घालायची त्याची लहानपणापासूनची सवय, म्हणून लगेच ओळखले.

मी ते उचलत होतो तेवढ्यात साहेब कचऱ्याची पिशवी घेऊन बाहेर आला. तोंडावर काही नाही. मागून गाण्याचा आवाज, सगळे एका सुरात.

"अरे काका, बाहेर का उभे? आत या ना, दोन घास खा. सगळे आपलेच आहेत."

मी चार पावलं मागे सरलो. "माझा पोरगा आत आहे?"

"आहे ना. आत्ताच आला, अजून बसलाही नाही नीट."

"त्याला सांग, बूट घरी नेलेत. आणि पुढच्या दारानं येऊ नको म्हणावं."

तो हसला. म्हातारा थट्टा करतोय असं त्याला वाटलं असावं.

घरी आलो, सुनेला सांगितलं. तिनंच तळघरात अंथरूण टाकलं आणि मागच्या अंगणातून उघडणारं तळघराचं दार उघडं ठेवलं. नात म्हणाली, "आजोबा, धिस इज सो एम्बॅरसिंग." मी पुढच्या दाराला साखळी लावून खुर्ची टाकून बसलो.

अंधार पडायच्या आत मुलगा आला. पायात साहेबाच्या घरातल्या बाथरूमच्या स्लिपर, मोजे भिजलेले.

"अण्णा, दार उघडा. लोकांसमोर शोभा केलीत तेवढी पुरे."

"मागून तळघरात जा. जेवण जिन्यावर ठेवीन."

"हे माझं घर आहे, अण्णा."

इतक्या वर्षांत तो हे कधी बोलला नव्हता. माझ्या तोंडात उत्तर आलं होतं, की घर तुझंच राहू दे, आम्ही दोघं निघतो. पण मागे नळी फरशीवर घासत आल्याचा आवाज झाला. बायको भिंतीला धरून आली होती. तिनं आजवर माझ्याविरुद्ध नेहमी त्याचीच बाजू घेतली. आताही मलाच दार उघड म्हणेल असं वाटलं. ती दारापासून लांबच थांबली, श्वास जमवला.

"खाली जा बाळा. मला अजून जगायचंय रे."

तो काचेतून तिच्याकडे बघत राहिला. मग स्लिपर ओढत मागच्या अंगणाकडे गेला.

चार-पाच दिवसांत त्याला ताप चढला. चव गेली, खोकला लागला. मी जिन्याच्या वरच्या पायरीवर ताट ठेवायचो, लांब उभा राहायचो. तो वर येऊन उचलायचा. मग साहेबाचा फोन आला. त्याच्याकडच्या बऱ्याच जणांना ताप होता. माझ्या मुलाची चौकशी त्यानं दोन शब्दांत उरकली.

"काका, एक विनंती होती. हे कुठून आलं ते कुणालाच माहीत नाही ना. तर तुमच्या लोकांमध्ये उगाच बोलू नका. नाव खराब होतं."

बुटांच्या ढिगापाशी मी आपला होतो. ताप आल्यावर माझे लोक वेगळे झाले. त्या गोऱ्याची थुंकी मला यापेक्षा स्वच्छ वाटली. मी फोन ठेवला आणि सुनेला म्हटलं, त्या दुपारी जी जी घरं तिथं होती त्यांच्या ओळखीच्यांना, ज्यांच्या घरी म्हातारी माणसं आहेत त्या सगळ्यांना कळव. तिनं संध्याकाळपर्यंत फोन केले. साहेबाकडून आम्हाला पुन्हा कधी आमंत्रण आलं नाही. फार बरं झालं.

मुलगा बरा होऊन वर आला. बरेच दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलायचा. अण्णा, तुमचं बरोबर होतं, असं तो अजून म्हणालेला नाही, आणि मी त्याची वाटही बघत नाही. बायको आहे. सकाळी नळी ओढत स्वयंपाकघरात येते आणि चहात साखर कमी पडली म्हणून मला बोलते.