खांबाची गोष्ट

पावसाची झड लागून सगळे घरात अडकले की आमच्याकडे कोणीतरी म्हणतंच, "बाबा, खांबाची गोष्ट सांगा ना." खांब म्हणजे माझी आत्या. तिच्यासमोरच म्हणतात. ती तेव्हा आमच्यासाठी चहा गाळत असते.

गोष्ट लहानपणची. शाळा सुटली तेव्हा पाऊस कोसळत होता आणि भावाबहिणीत छत्री एकच. बाबा म्हणाले, "इथेच उभी राहा, हलू नकोस, आलोच." आणि गेले मित्रांबरोबर चिखलात फुटबॉल खेळायला. तिथून परस्पर घरी. आत्या अंधार पडेपर्यंत फाटकाशी उभी! शिपाई आत बोलावत होता तरी गेली नाही, कारण दादाने हलू नको म्हणून सांगितलं होतं. बाबा तिची नक्कल करतात. हात अंगाला चिकटलेले, दात वाजताहेत, नाक गळतंय. सगळ्यांची हसून मुरकुंडी वळते. पुढे तिला ताप भरला, कान वाहायला लागला आणि डावा कान कायमचा गेला, ते मात्र गोष्टीत येत नाही. मला ते आईने सांगितलं, भाजी निवडता निवडता. मांजराचा होतो खेळ, उंदराचा जातो जीव.

आत्या शाळेचे गणवेश शिवणाऱ्या दुकानात काज-बटणं करते. मशिनींच्या खडखडाटात तिला हाक ऐकू येत नाही, म्हणून बाकीच्या बाया तिला चिमटे काढतात. कटिंग मास्तर तेवढे उठून तिच्या उजव्या बाजूला येत आणि सावकाश बोलत. विधुर माणूस, मुलंबाळं नाहीत. एवढ्याशा गोष्टीवर आत्या भाळली. चाळिशी उलटलेली बाई भांडी घासताना गुणगुणायला लागली. "सूर बघा," आई म्हणायची, "अर्ध्या कानाचा."

एका रविवारी मास्तर स्वतः मागणी घालायला आले. बाहेर धो धो पाऊस. बाबांनी त्यांना पुढच्या खोलीतली चांगली खुर्ची दिली, पंचा दिला, सगळं ऐकून घेतलं.

"बघू की. पण आधी आमच्या खांबाची ओळख तर करून घ्या."

आत्या ट्रे घेऊन दारात आली होती. "दादा, आज नको," ती म्हणाली. हे ती आयुष्यात पहिल्यांदाच म्हणाली असेल.

"अगं, आता घरचाच माणूस!"

त्या दिवशी बाबांना चेवच आला होता. ओला पंचा डोक्यावर घेऊन ते खोलीच्या मधोमध उभे राहिले. आई हसली, माझा भाऊ हसला. आत्या मास्तरांकडे बघत होती, फक्त मास्तरांकडे. ते आधी कसनुसे झाले. मग बाबांनी नाक ओढलं आणि मास्तरांना हसू फुटलं. पोट धरून हसले. डोळे पुसत म्हणाले, "म्हणजे अजूनही उभं केलं तर उभ्या राहतील!"

आत्याने ट्रे टेबलावर ठेवला. "मला लग्न करायचं नाही."

"अहो, चेष्टा केली..."

"कळलं. तुम्ही जा."

मास्तरांनी परत परत विचारलं. तिने कारण सांगितलं नाही. बिचारे छत्री घेऊन गेले. बाबा त्यांच्या कपातला चहासुद्धा प्यायले. रागावले नाहीत ते, का रागावतील? घरात राबणारी आणि पगार आणून देणारी बहीण हातची जाणार होती, ती राहिली. मी हे त्यांच्या तोंडावर बोलले. "तुला विनोद कळत नाही," एवढंच म्हणाले.

मास्तरांनी वर्षाच्या आत दुसरीकडे लग्न केलं. आत्या अजून त्याच दुकानात बटणं लावते.

आता पाऊस लागला की आमच्याकडे दोन गोष्टी असतात. दुसरी, हसला म्हणून नवरा हाकलणाऱ्या बाईची. बाबा मास्तरांची पण नक्कल करतात, छत्री उलटी धरून. आणि हल्ली सगळ्यांच्या आधी आत्याच हसते. बाबांनी तोंड उघडलं की लगेच, मोठ्याने. दोनातली कुठली गोष्ट सुरू झाली हेसुद्धा तिला ऐकू आलेलं नसतं.