बाबागाडीतला कवठी चाफा

पुण्यात असं एकही कुंपण नसेल, ज्यातून माझ्या विहीणबाईंचा हात निदान एकदा आत गेलेला नाही. विहीणबाई म्हणजे माझ्या मुलीच्या सासूबाई. त्यांनी जन्मात एक रोप विकत घेतलं नाही. नर्सरीत जाऊन झाड आणायचं म्हणजे सत्यनारायणाचा प्रसाद दुकानातून मागवल्यासारखं त्यांना वाटायचं. चोरून आणलेलं रोपच मुळं धरतं, मागून आणलेलं रुसतं आणि विकत आणलेलं तर मरायचं ठरवूनच घरात येतं, असं त्यांचं ठाम मत. त्यामुळे त्यांच्या पर्समध्ये कायम नखं कापायची छोटी कात्री, ओला हातरुमाल, धुऊन वाळवलेली दुधाची पिशवी आणि सुतळीचा तुकडा. "थांबा हं, ही जाई जरा बाजूला घेते, सुटे खाली गेलेत," असं त्या रिक्षावाल्याला म्हणायच्या, आणि तो बिचारा आपल्या सीटवर पडलेल्या मातीकडे बघत बसायचा.

त्या माझ्या मुलीला बघायला आल्या तेव्हा आम्ही विश्रांतवाडीच्या पुढे, आळंदी रस्त्याला राहत होतो. आमच्या जमिनीचा एक तुकडा तेव्हा शिल्लक होता, बाकीची रस्त्यात आणि बिल्डरांत गेली होती. मी दोन दिवस खपून घर सारवल्यासारखं लख्ख केलं, मुलीला स्वयंपाकाचे प्रश्न पाठ करून घेतले. विहीणबाईंनी तिला एकही प्रश्न विचारला नाही. पोह्यांची बशी हातात आणि नजर खिडकीबाहेर गोठ्याकडे. शेवटी बशी खाली ठेवून म्हणाल्या, "मुलगी पसंत आहे. ती अबोली कुठून आणलीत?" मी म्हणाले, आपोआप उगवलीय. असं काही आपोआप उगवतं यावर त्यांचा विश्वास बसला नाही, हे चेहऱ्यावर दिसलं. पाहुणे गेल्यावर आमचे हे म्हणाले, "बाई जाताना पदराखाली काहीतरी घेऊन गेल्या." मी म्हणाले, "आता मुलगीच नेणार आहेत, अबोलीचं काय घेऊन बसलात."

पकडल्या गेल्या तरी त्या कबूल करायच्या नाहीत. एकदा एका बंगल्याच्या फाटकापाशी त्या घरच्या बाईने त्यांना हातातल्या फांदीसकट धरलं. मी शेजारीच होते. विहीणबाई शांतपणे म्हणाल्या, "वाऱ्याने पडली होती." ती बाई म्हणाली, "अस्सं? वारा कात्री घेऊन आला होता का?" मला रस्त्यात गडप व्हावंसं वाटलं. विहीणबाई मात्र त्या बाईला, गुलाबाला खाली किती डोळे सोडून छाटतात, ते समजावून देऊन मगच निघाल्या. फांदी अर्थात आमच्यासोबत.

कोथरूडला त्यांचं तळमजल्याचं घर होतं, पुढेमागे मोकळी जागा. तिथे पाय ठेवायला वाट नव्हती. प्रत्येक रोपाला ज्याच्या घरून ते आलं त्याचं नाव. एक पांढरा गुलाब म्हणजे जज्जसाहेब. कृष्णकमळीचा वेल म्हणजे डॉक्टरीणबाई. कुणीतरी गेलं म्हणून भेटायला गेलो होतो, तिथून निघताना उचललेली जास्वंद, तिला दुखवट्याची म्हणायच्या. माझी मुलगी नवी नवरी असताना एकदा घाबरून मला फोन करून म्हणाली, "आई, सासूबाई सकाळी म्हणाल्या, जज्जसाहेबांना कीड लागलीय आणि डॉक्टरीणबाई गच्चीतून खाली लोंबकळतायत. मी काय करू?" मी सांगितलं, काही करू नकोस, पाणी घाल म्हणाल्या तर घाल.

आता दुसऱ्या एका बागेविषयी. कॅम्पाच्या पलीकडे शहरातली ती मोठी जुनी बाग आहे, जिथे झाडाझाडाला नावाची पाटी आहे. दरवर्षी होळी झाली की विहीणबाईंचा फोन यायचा, "उद्या निघायचं." माझी तयारी आहे का, हे त्यांनी कधी विचारलं नाही. मुलाची आई बोलावते, मुलीच्या आईने जायचं. आमच्या पिढीत हे लग्नातच ठरून जातं, मानपान संपले तरी ते संपत नाही. वसंतात झाडं बघून ठेवायची आणि पावसात काड्या आणायच्या, असा त्यांचा शिरस्ता. मुलगी आधी बघून ठेवतात आणि मुहूर्त नंतर काढतात, तसंच ते. त्या वेळी बाग खरोखर भरलेली असते. सीतेच्या अशोकाला शेंदरी झुपके, कैलासपतीची फुलं थेट खोडालाच लागलेली, करंजाच्या खाली जांभळट फुलांचा सडा. विहीणबाई एकेका झाडापुढे उभ्या राहून म्हणायच्या, "रंग बरा आहे हिचा. पण वाढेल फार, आपल्या घराला झेपायची नाही." मी मागून पिशव्या धरून. आम्ही शेतीवाले. ज्याची भाजी होत नाही आणि जे जनावरही खात नाही, ते झाड इतकं का जपायचं, हे मला आजही नीटसं कळत नाही. तसं मी त्यांना सांगितलंही होतं. त्या म्हणाल्या, "तुमचं बरोबर आहे. उभ्या राहा तिथे, पदर जरा पसरा."

पदर पसरायला सांगितला ते कवठी चाफ्यापाशी. लग्नानंतरचं ते पहिलंच वर्ष. कमरेएवढं झुडूप, गर्द हिरवी पानं, खाली वाकलेल्या गोल कळ्या. माझ्या पदराआड बसून विहीणबाईंनी त्याची सगळ्यात खालची फांदी मातीत दाबली, वर दगड ठेवला आणि हात झटकून उठल्या. याला दाब कलम म्हणतात. फांदी झाडावरच राहते आणि मातीत तिला आपली मुळं फुटतात. पावसाळा संपल्यावर आम्ही परत गेलो, दगड तसाच होता, आणि मुळं धरलेली ती फांदी कात्रीने कापून दुधाच्या पिशवीतून कोथरूडला आली. चोरीसाठी इतके महिने थांबणारा चोर मी दुसरा पाहिला नाही. त्या बागेला घरमालक नव्हता, मग नाव काय द्यायचं असा प्रश्न पडला. राखण मी केली होती, म्हणून त्यांनी त्या झाडाला माझं नाव दिलं. अंगणातल्या सगळ्या झाडांत त्यांचा जीव त्याच्यावर जास्त होता. नावामुळे नाही, वासामुळे. दिवसभर त्याला काही वास नसतो. दिवे लागायच्या वेळी फूल उमलतं आणि मग पिकल्या कवठासारखा वास सुटतो. त्या रोज संध्याकाळी त्याच्याजवळ पाट टाकून बसायच्या, टीव्ही आत एकटाच बोलत असायचा. त्यांचे यजमान लवकर गेले, ते गेल्यानंतरच्या संध्याकाळी त्यांनी अशाच घालवल्या. हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही. मी दोन-चारदा मुक्कामाला राहिले तेव्हा पाहिलं.

मग सोसायटी पाडून नवी बिल्डिंग बांधायचं ठरलं. विहीणबाईंनी हिंजवडीला माझ्या लेकी-जावयाकडे, चौदाव्या मजल्यावर राहायला जायचं. घर चांगलं आहे, पण गॅलरीला काच लावून तिथे वॉशिंग मशीन ठेवलंय. ऊन येतं ते समोरच्या कंपनीच्या काचेवर आपटून. लेक त्यांना म्हणाली, "आई, दोन कुंड्या आणा, त्याहून जास्त जमणार नाही." विहीणबाई एकही आणणार नाही म्हणाल्या. मला म्हणाल्या, "विहीणबाई, म्हातारपणी माणसाने काचेत राहावं, झाडाने कशाला?"

शेजाऱ्यांची घरंही पाडायचीच होती, त्यांना झाडं देऊन उपयोग नव्हता. मी ठेवून घेतली असती, पण माझ्या दोन खोल्या दुसऱ्या मजल्यावर, आणि माझ्या हाताखाली तुळससुद्धा नाखुशीने जगते. त्यांनी बागेच्या ऑफिसात जाऊन रीतसर विचारलं. तिथला माणूस म्हणाला, बाहेरची रोपं आम्ही घेत नाही, रोग येतो. त्यावर विहीणबाई म्हणाल्या, "बरोबर आहे तुमचं." त्यांनी बरोबर आहे म्हटलं की मला धडकी भरते. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "बागेत शिरताना पिशव्या कुणी बघत नाही. निघताना बघतात."

त्या वसंतात आम्ही उलटी चोरी केली. एकेका खेपेला एकेक रोप. डॉक्टरीणबाई मागच्या भिंतीपाशी, दुखवट्याची जास्वंद बांबूच्या बेटाशेजारी, जज्जसाहेब गुलाबांच्या वाफ्यात इतर गुलाबांत मिसळून. मी राखण करायची, त्या खुरप्याने खड्डा करायच्या, पाण्याच्या बाटलीतलं पाणी घालायच्या. परत जाताना वॉचमन आमच्या रिकाम्या पिशव्या उलट्या करून झटकायचा आणि मी त्याच्याकडे ताठ मानेने बघायची.

राहिला कवठी चाफा. तो मोठा झाला होता, कुंडीतून काढलेल्या मातीच्या गोळ्यासकट तो पिशवीत मावेना आणि आम्हा दोघींना उचलवेना. आमची नात आता कॉलेजात जाते. तिची बाबागाडी विहीणबाईंच्या माळ्यावर पडून होती. ती खाली काढली. झाड तिच्यात निजवलं, वरून नातीचंच जुनं दुपटं घातलं. गेटवर वॉचमनने तिकिटं बघितली. "बाळ झोपलंय," एवढंच विहीणबाई म्हणाल्या. मी आकाशाकडे बघितलं.

जागा त्यांनी हेरून ठेवली होती. आमच्या झाडाचं आईझाड दोन वर्षांपूर्वी वाळून गेलं होतं. पाटी तशीच उभी, खाली नुसती माती. तिथेच लावायचं. खड्डा झाला, झाड आम्ही कसंबसं गाडीतून उतरवलं, मुळं उघडी, आणि तेवढ्यात मागून आवाज आला.

"ओ आजी! झाड उपटताय होय?"

तो गेटवरचा नव्हे, दुसरा वॉचमन होता, तरणा. मी म्हणाले, "उपटत नाही, लावतोय."

"बागेत येऊन कोण झाड लावतं? मला काय येडा समजता का?" त्याने पाटी वाचली, खड्डा बघितला, झाड बघितलं, दुपटं बघितलं. "पोराच्या गाडीतून चोरी! कमाल आहे बाई, या वयात."

मला राग आला. इतकी वर्षं खऱ्या चोऱ्यांत सुटलो आणि इथे खोटीत सापडलो. मी म्हणाले, "अहो, तोंड सांभाळून बोला. हे झाड आमचं..." तर विहीणबाईंनी माझं कोपर असं दाबलं की पुढचा शब्द आतच राहिला.

"इथलंच आहे," त्या म्हणाल्या. मान खाली. "चुकलं आमचं. होतं तसं लावून टाका."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. जन्मात ज्यांनी एक काडी कबूल केली नाही, त्या भर बागेत, येणारेजाणारे उभे राहून ऐकत असताना, न केलेली चोरी कबूल करत होत्या. खरं सांगितलं असतं तर झाड बाबागाडीत घालून आम्हाला बाहेर काढलं असतं, आणि मग ते जायचं होतं कुठे? हे मला रिक्षात बसल्यावर समजलं.

वॉचमनने माळ्याला बोलावलं. माळी आमच्याच वयाचा. मातीचा गोळा कुंडीसारखा गोल होता आणि त्याला अंड्याची टरफलं चिकटलेली होती. माळ्याने ती बघितली, मग विहीणबाईंकडे बघितलं, आणि नुसतं विचारलं, "किती खोल घेऊ, बाई?"

"आहे तेवढंच. बुंधा झाकू नका. आणि उन्हाच्या बाजूला ती मोठी फांदी करा."

"चोर सांगतोय आता, कसं लावायचं ते," वॉचमन म्हणाला. त्याने खिशातून फोन काढला. "फोटो काढतो. गेटला लावणार. परत दोघींना आत सोडायचं नाही."

विहीणबाईंनी पदर नीट केला. "चष्मा काढू का?" त्यांनी विचारलं.

परतीच्या रिक्षात बाबागाडी आमच्या पायांशी आणि दुपटं घडी करून त्यांच्या मांडीवर. दुपट्यावरची माती त्या बोटाने टिपत होत्या. मग म्हणाल्या, "धरेल आता ते. बाकीच्यांचं सांगता येत नाही. हे चोरीचं ठरलंय ना."

आठवड्याने त्या हिंजवडीला गेल्या. लेकीने त्यांच्यासाठी दोन रोपं विकत आणून काचेशी ठेवलीत, विहीणबाई त्यांच्याशी परक्या पाहुण्यांशी वागावं तशा अदबीने वागतात. गुडघे गेले, त्यातून हिंजवडीची ती गर्दी, तिथून बागेपर्यंत येणं आता त्यांना होत नाही. फोनवर त्या झाडाविषयी विचारत नाहीत. माझं गुडघ्याचं तेल संपलं का, एवढं विचारतात आणि मग फोन धरून उगाच थांबतात.

यंदा होळी झाली. कुणी "उद्या निघायचं" म्हणालं नाही. मीच गेले. गेटच्या आत बोर्डावर आमचा फोटो अजून आहे, उन्हाने फिकट झालेला. वॉचमनने माझ्याकडे बघून तिकीट फाडलं. फोटोत दोघी आहेत, एकटीला कोण ओळखतं?

झाड आहे. पाटीच्या खाली, पहिल्यापासून तिथेच असल्यासारखं. मी समोरच्या बाकावर बसून फोन लावला.

"आहे," मी म्हणाले.

मग, "कळी?"

"तीन. एक फुगलीय."

"वास घ्या."

"दिवसा कुठला येतो? तुम्हीच म्हणता ना."

"मग बसा की जरा."

बसले. ऊन कलंडलं, पोरं घरी गेली, कैलासपतीची दोन फुलं धपकन खाली पडली. फोन चालूच होता. त्या काही बोलत नव्हत्या, मीही नाही, मागे वॉशिंग मशीनचा आवाज येत होता. कळी काही उमलेना. मग बाग बंद व्हायची शिट्टी झाली.

"आला का?"

"नाही आला. गेट बंद करतायत."

"बरोबर आहे. अजून उजेड असेल," त्या म्हणाल्या. "उद्या जरा उशिरापर्यंत बसा. झाडाआड बसलं की शिट्टीवाल्याला दिसत नाही."

चाफ्याच्या वासासाठी दोन दिवस रिक्षाभाडं खर्चायचं म्हणजे मूर्खपणा आहे, हे मला कळतं. पण इतक्या वर्षांत मी त्यांना एकदाही नाही म्हटलेलं नाही. आता या वयात ती सवय कुठे लावून घेऊ?