पत्रक वाचून लोक भाकरी बांधून आले

आमच्या घरात वर्तमानपत्र येत नसे, पत्रकं येत. वडील संघटनेचं काम करायचे. गुलाबी-पिवळ्या कागदांचे गठ्ठे नागलीच्या कणगीशेजारी रचलेले असत. मी वाचायला शिकले ती त्यांच्यावरच. म्हणून असेल, ‘धमाका ऑफर’ दिसली की आजही माझं डोकं फिरतं. पत्रकही ओरडतं, पण ते आपल्यासाठी ओरडतं. जाहिरात आपल्यावर ओरडते.

त्यामुळे ताईने खोडाळ्याच्या बाजारपेठेत मोटार भरायचं दुकान टाकलं, तेव्हा त्याचं पत्रक मीच लिहिणार हे ठरलेलं होतं. मोटार भरायची म्हणजे आतली जळालेली तांब्याची तार काढून नवी गुंडाळायची. पाण्याचा पंप, गिरणी, पंखा, मिक्सर, सगळं ती करते. आयटीआयला शिकली, नाशिकच्या एका दुकानात हात बसवला आणि परत आली. पण पावसाळाभर दुकानात फक्त माशा आल्या. लोक मोटार नाशिकलाच पाठवत होते. दिवाळीनंतर आमच्याकडून जीपा भरभरून माणसं वसई-भिवंडीला कामाला जातात. ताईने आईला सांगून टाकलं, “तोवर दुकान चाललं नाही, तर मीपण त्या जीपमध्ये बसणार.”

मी पेटून लिहिलं. ‘बंधूंनो आणि भगिनींनो, आणखी किती सहन करायचं? आपली मोटार नाशिकला जाते आणि इथे पाण्यावाचून शेतातला मोगरा वाळतो. आत काय जळलं, काय बदललं, हे कुणी आपल्याला दाखवत नाही. हा अन्याय आता बस्स. येत्या बाजाराच्या दिवशी खोडाळ्याला या!’

ताईने वाचलं. “ह्यात माझं दुकान कुठंय?”

“खाली आहे की. शेवटच्या ओळीत.”

“मला तर वाचून तहसीलवर जावंसं वाटलं.”

तरी मी ते मोखाड्याच्या स्टँडवर वाटलं, जव्हारच्या बाजारातही वाटलं.

बाजाराच्या दिवशी दुकानासमोर माणसं जमली. माझी छाती फुगली. मग बघितलं, तर एकाच्याही हातात मोटार नव्हती. फडक्यात बांधलेल्या भाकरी होत्या. एकाने तर झेंडासुद्धा आणला होता, काठीला गुंडाळून.

“मोर्चा कवा निघायचा?” त्याने विचारलं.

साखरशेतहून आलेली एक म्हातारी दुकानाच्या पायरीवर टेकली. “तुझ्या बापासंगं लई बसले मी तहसीलात,” ती मला म्हणाली. “आज कुनाला घेरायचा?”

“आजी, मोर्चा नाही. दुकानाची जाहिरात होती ती.”

झेंडेवाला ताईकडे बघून म्हणाला, “म्हंजे घेरायचा त हिलाच.” सगळे हसले. ताई हसली नाही. तिच्या डोळ्यांपुढे जीप उभी असणार.

“हसताय काय,” म्हातारी बोलली. “पाड्यावर जाऊन मी काय सांगू?”

तिचा प्रश्न खरा होता. आमच्याकडे मोर्चाला सगळा पाडा येत नाही, पाडा आपला एक माणूस पाठवतो. परत गेल्यावर सगळ्यांना बसवून काय बघितलं, काय ऐकलं ते सांगणं हे त्या माणसाचं काम. रिकाम्या तोंडाने त्याला जाता येत नाही.

ताईने म्हातारीकडे बघितलं, मग माझ्याकडे. शेजारच्या गिरणीवाल्याची मोटार तेवढी दुकानात पडून होती. ती तिने ओढत बाहेर आणली.

“आजी, भाकर सोडा आणि खाता खाता बघा. जे दिसंल तेच पाड्यावर सांगा.”

लोक गोल करून बसले. ताईने मोटार उघडली, काळी पडलेली तार काढून हातोहात फिरवली. मग नवी तार भरायला घेतली आणि काय करतेय ते बोलत राहिली. मी चटणी वाढत फिरले.

“माझ्या जावयाला बल्ब बदलता येत नाय,” कुणीतरी म्हणालं.

“पाठवा त्याला इकडं,” ताई म्हणाली. “पण भाकर त्याची त्यानेच बांधून आणायची.”

ऊन उतरल्यावर मोटार फिरली. म्हातारीने मोटारीच्या अंगावर तळवा ठेवला, बराच वेळ ठेवला, आणि भाकरीचं फडकं झटकून वाटेला लागली.

पुढच्या बाजाराला दोन माणसं खांद्यावर बांबू घेऊन आली. मध्ये दोराने पंप लटकत होता. त्यांच्या मागे आणखी एक पंप, मग पोत्यातला मिक्सर. पाड्यापाड्यावर बैठका झाल्या होत्या आणि त्यातल्या एकीलाही मी गेले नव्हते.

दुसरं पत्रक मी चार ओळींचं लिहिलं. काय दुरुस्त होतं, दुकान कधी उघडं असतं. खर्च आधी सांगू. मोटार तुमच्यासमोर उघडू. यात राग कुठेच नाही, आणि लिहिताना मला फार जड गेलं. पण शेवटच्या दोन ओळी वडिलांच्या कुठल्याही पत्रकात शोभल्या असत्या असं मला वाटतं. लपवाछपवीविरुद्धच आहेत त्या.

दिवाळीनंतर जीपा आल्या. एक आमच्या दुकानासमोरच थांबली. ताई मान खाली घालून तार गुंडाळत होती. जीपमधून तो झेंडेवाला उतरला, टेबलफॅन घेऊन.

“हा फिरत नाय. होळीला परत येन तवा नेतो.” त्याने फॅन पुढे केला. “तू असशील ना गं तवा?”

“असंन की,” ताई म्हणाली, आणि फॅन घेऊन आत गेली.